व्यापारातील नाते आणि कामगाराचा जीव

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पाठ्यपुस्तकांत ग्राहक आणि पुरवठादार हे एकमेकांना अनोळखी असतात. ज्याचा भाव कमी, त्याच्याकडून माल घ्यावा, इतकाच तेथील नियम. त्या नियमाचा भार अखेर कोणाच्या माथी येतो, हे बांगलादेशातील तयार कपड्यांच्या धंद्याने दाखवून दिले आहे.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले असतानाही कामगारांना कामावर बोलावण्यात आले होते. मालकांचा लोभ याला कारणीभूत होता, यात शंका नाही. परंतु प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. इमारत मजबूत करण्याचा खर्च अनेक वर्षांनी भरून निघणारा असतो. पुढच्या हंगामात मागणी येईल की नाही, याचीच ज्याला शाश्वती नाही, तो कारखानदार हा खर्च कशाच्या बळावर करणार?

त्याच वर्षी मे महिन्यात कामगार संघटना आणि परदेशी कंपन्या यांच्यात झालेल्या ‘अकॉर्ड’ कराराने हे वर्म ओळखले. बांगलादेशाशी दीर्घकाळ खरेदीसंबंध राखण्याचे आणि कारखान्यांना सुरक्षिततेचा खर्च पेलेल अशा अटींवर व्यवहार करण्याचे कंपन्यांनी मान्य केले. करार कायद्याने बंधनकारक होता, म्हणूनच शेकडो कारखान्यांत दुरुस्त्या झाल्या.

मात्र हे बंधन मालाच्या पैशापर्यंत पोहोचले नव्हते. मार्च २०२० मध्ये महासाथ येताच अनेक कंपन्यांनी शिवून तयार झालेल्या मालाच्याही मागण्या रद्द केल्या. कापडाचा खर्च कारखानदाराने आधीच केलेला होता. लाखो कामगारांना घरी बसावे लागले. वर्षानुवर्षांचा परिचय त्यांच्या उपयोगी पडला नाही.

तेव्हा नाते दीर्घ असले म्हणजे ते न्याय्य असतेच असे नव्हे. सावकार आणि कूळ यांचे नातेही पिढ्यान्‌पिढ्या टिकत असे! नात्याला मूल्य येते ते लेखी बंधनाने: खरेदीची निश्चित मुदत, मागणी मोडल्यास भरपाई, आणि करारावर कामगार संघटनेची सही.

निर्यातीचे कपडे शिवणारा आपल्या देशातील कामगारही याच साखळीत बांधलेला आहे. व्यापार करारांची चर्चा बहुधा आयातकराच्या टक्क्यांपाशी थांबते. ती या तीन अटींपर्यंत नेणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.