पडताळणी ठेवावी, विलंब सोडावा



घरातील आणि दुकानातील नित्याची बिले चेकने द्यावीत की मोबाइलवरून, हा प्रश्न आपल्या अनेक कुटुंबांत दोन पिढ्यांमधील वादाचा विषय झाला आहे. वडीलधारी मंडळी म्हणतात, सही केलेल्या कागदाला आधार असतो. मुले म्हणतात, एका सहीसाठी दिवस वाया जातो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु चेक की फोन, एवढ्यावर हा वाद मिटणारा नाही. पैसे हातातून सुटण्यापूर्वी ते कोणी तपासले आणि समोरच्याला ते वेळेवर मिळाले का, हे दोन प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

रोख रकमेवाचून व्यवहार करणे आपल्या समाजाला नवे नाही. आपल्या पूर्वजांच्या पेढ्या हुंडीवर चालत. दर्शनी हुंडी दाखविताच वटे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या सावकारालाच मिळे. आज आपण उपरोधाने वापरतो तो ‘शहाजोग’ शब्द मूळचा पेढीच्या व्यवहारातला आहे. हुंडी गहाळ झाली तर तिची ‘पेठ’ आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहून देण्याची रीत होती. वटलेली हुंडी ‘खोखा’ म्हणून जपून ठेवली जाई. पैसे कोणाच्या हाती जावेत, कागद हरवल्यास काय करावे आणि पुरावा कोठे राहावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या पद्धतीत होती. आजचे कोणतेही साधन याच तीन कसोट्यांवर घासून पाहावे.

चेकचा खरा गुण त्याच्या कागदात नव्हता, त्याभोवतीच्या शिस्तीत होता. मुनीम बिल तपासून चेक लिहीत, शेठजी बिल पाहून सही करीत आणि काउंटरफॉइलवर नोंद राही. लिहिणारा एक आणि सही करणारा दुसरा, त्यामुळे चूक बहुधा दाराबाहेर पडण्यापूर्वीच सापडे. शिवाय चेक वटण्यापूर्वी बँकेला कळवून तो थांबविताही येई. फोनवरील व्यवहारात लिहिणारा, तपासणारा आणि सही करणारा असे तिघेही एकाच बोटात सामावले आहेत. वडिलांना वाटणाऱ्या धास्तीचे मूळ येथे आहे, आणि ती धास्ती अनाठायी नाही.

मात्र चेकही आता पूर्वीचा राहिलेला नाही. 2008 साली दिल्लीत सुरू झालेली आणि पुढे देशभर पोहोचलेली चेक ट्रंकेशन पद्धत आपण जाणताच. तीत कागद प्रवास करीत नाही, त्याची प्रतिमा प्रवास करते. म्हणून तारखेखेरीज कोणतीही खाडाखोड चालत नाही. चेकची मुदत 1 एप्रिल 2012 पासून सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाली. 4 ऑक्टोबर 2025 पासून तर दिवसभराच्या ठरलेल्या वेळेत बँकांकडून पुढे जाणाऱ्या चेकबाबत पैसे देणाऱ्या बँकेने त्याच दिवशी सायंकाळी 7 पर्यंत होकार किंवा नकार कळवावयाचा असतो. ‘आज चेक देऊ, वटेपर्यंत खात्यात भरणा करू’ हा बाजारातील जुना हिशेब यापुढे चालणार नाही. शिल्लक नसताना दिलेला चेक परत गेला आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम दिली नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बाजारातील पत जाते ती याहून वेगळी.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. चेकमुळे मिळणारा अवधी सर्वांनीच पडताळणीसाठी वापरला असे नाही. ‘चेक तयार आहे, शेठ बाहेरगावी आहेत’ हे वाक्य ऐकून परत गेलेले टेम्पोवाले, पॅकिंगवाले आणि छपाईवाले थोडे नाहीत. ज्याचे काम करून घेतले, त्याचे पैसे आपल्याकडे असूनही अडवून ठेवणे हे अचौर्य अणुव्रत पाळणाऱ्या श्रावकाला शोभणारे नाही. खोट्या वजनमापाला आपण दोष मानतो, मग दुसऱ्याच्या पैशावर काढलेल्या दिवसांना काय म्हणावे? आता कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतल्यास लेखी करार नसताना 15 दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. तसे न केल्यास आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा मिळतो.

म्हणून वीज, दूरध्वनी, गॅस, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स अशा नित्याच्या बिलांसाठी इलेक्ट्रॉनिक मार्गच योग्य आहे. विजेचे बिल चेकने भरल्यास महावितरण चेक दिल्याची नव्हे, तर तो वटल्याची तारीख धरते. त्यामुळे शेवटच्या दिवशी चेक टाकणाऱ्याला विलंब आकार लागू शकतो. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून, तर दोन लाख व त्यावरील रकमांची आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून अहोरात्र उपलब्ध आहे. रविवार आणि सुटीचे कारण आता उरलेले नाही.

या मार्गातील धोका असा, की एकदा गेलेली रक्कम चेकप्रमाणे थांबविता येत नाही. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे या क्रमांकावर रक्कम पाठवावी’ असा व्यापाऱ्याच्या नावाने संदेश येतो आणि लाखोंची रक्कम भलत्याच खात्यात जाते. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ या संदेशातील क्रमांकावर फोन करून फसलेले ज्येष्ठही अनेक आहेत. यावर उपाय कठीण नाहीत, फक्त ते नियमाने पाळावे लागतात.

खाते बदलल्याचा संदेश आल्यास आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. संदेशातील क्रमांकावर करू नये. नवीन खाते जोडताना बँकेच्या यंत्रणेत दिसणारे खातेदाराचे नाव वाचावे. एनईएफटी आणि आरटीजीएससाठीही ही सोय आता उपलब्ध आहे. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे.

दुकानाच्या चालू खात्यासाठी नेट बँकिंगमध्ये एकाने व्यवहार तयार करावा आणि दुसऱ्याने मंजूर करावा, अशी व्यवस्था बँकेकडून मागून घ्यावी. मुनीम आणि शेठजींची जुनी शिस्त यातून नव्या साधनात परत येते. यूपीआयसाठी मुख्य खाते न जोडता थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते जोडावे. घरातील ज्येष्ठांसाठी किंवा दुकानातील विश्वासू माणसासाठी ‘यूपीआय सर्कल’ची सोय आहे. तीत प्रत्येक व्यवहाराला आपली मंजुरी ठेवता येते किंवा मर्यादित रकमेची मुभा देता येते.

चेक अजिबात सोडावा असे मात्र नाही. दोन विश्वस्तांच्या सह्यांनी चालणारी मंदिरे, पाठशाळा आणि ट्रस्ट यांनी सोयीसाठी एका विश्वस्ताच्या फोनवरून पैसे देऊन नंतर परतफेड करण्याची सवय लावून घेऊ नये. देवद्रव्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. तेथे दोन सह्यांचा चेक किंवा दोघांच्या मंजुरीची नेट बँकिंग व्यवस्था, यांपैकीच एक असावे. 50,000 रुपये व त्यावरील चेकचा तपशील ‘पॉझिटिव्ह पे’द्वारे बँकेला आधी कळवावा. आणि कोरे चेक सही करून कपाटात ठेवण्याची आपल्या पेढ्यांमधील सवय आजच सोडावी. तशा चेकमध्ये ना दुसरी नजर राहते, ना नियंत्रण.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ 1930 या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपली चूक नसताना त्रयस्थामुळे झालेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर त्याचा भार पडत नाही. ओटीपी वा पिन स्वतःहून सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान मात्र आपलेच.

महिन्याच्या शेवटी बँकेचे विवरण समोर ठेवून प्रत्येक बिलाचा क्रमांक आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जुळवावा. हे काम वडील आणि मुलगा, सासू आणि सून यांनी एकत्र बसून करावे. कोणते बिल कोणत्या खात्यातून आपोआप जाते, हेही तेव्हा वहीत लिहून ठेवावे. सर्व काही एकाच्याच फोनमध्ये असेल आणि उद्या तोच रुग्णालयात असेल, तर पैसे असूनही विम्याचा हप्ता चुकतो.

वडिलांनी चेकबरोबर जपलेली तपासून देण्याची शिस्त मुलांनी घ्यावी आणि मुलांच्या हातातील तत्परता वडिलांनी स्वीकारावी. येत्या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी घरातील आणि पेढीवरील थकीत बिलांची यादी काढून ती चुकती करावीत. नव्या वहीत कोणा कष्टकऱ्याचे जुने देणे ओढून नेऊ नये, हीच विनंती.