विमान बदनाम, बाकीचे नामानिराळे

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये मिग-२१ला निरोप दिला गेला आणि दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसवर तेच. कुणी १९७१चा ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवरचा हल्ला टाकला, कुणी अभिनंदन यांच्या मिशा. आणि खाली कमेंट्समध्ये ठरलेलं वाक्य : ‘गेली बाबा एकदाची ती उडती शवपेटी!’

मला हे शेवटचं खटकतं.

आकडे खोटे नाहीत. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२मध्ये राज्यसभेत सांगितलं होतं की, १९७१-७२पासून तोवर सगळ्या प्रकारच्या मिग विमानांचे मिळून ४८२ अपघात झाले आणि त्यात १७१ वैमानिक गेले. लढाऊ स्क्वाड्रनमध्ये नवा आलेला पायलट असतो जेमतेम तेवीस-चोवीसचा. म्हणजे आपल्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला सीनिअर.

पण दोष कुणाचा? मिग-२१ हे १९५०च्या दशकातलं सोव्हिएत डिझाइन. उंचावरच्या बॉम्बर विमानांच्या मागे सुसाट जायचं, हे त्याचं मूळ काम. छोटे त्रिकोणी पंख, एकच इंजिन, वेग आवाजाच्या दुप्पट. उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. असलं विमान हातात घेणारा पोरगा शिकलेला असायचा किरणसारख्या, आवाजापेक्षा कमी वेगाच्या ट्रेनरवर. अॅक्टिव्हा चालवायला शिकलात, छान, आता ही घ्या सुपरबाइक, आणि हो, ब्रेक जरा जपून!

मधली पायरी हवी, म्हणजे अॅडव्हान्स्ड जेट ट्रेनर हवा, हे ला फाँतेन समितीने १९८२मध्येच सांगितलं होतं. ‘हॉक’ ट्रेनरच्या करारावर सही कधी झाली? २००४मध्ये. समिती बसली तेव्हा जन्मलेली मुलं तोवर ग्रॅज्युएट झाली होती. सगळेच अपघात ट्रेनर नव्हता म्हणून झाले, असं मी म्हणत नाही. इंजिन बंद पडणं, पक्षी धडकणं, सुटे भाग, माणसाची चूक, सगळंच त्यात आहे. पण बावीस वर्षं फाइल फिरत राहिली, तिला कुणी शवपेटी म्हणत नाही. विमान उलट उत्तर देत नाही ना!

दुसरा प्रश्न. १९६३मध्ये आलेलं विमान २०२५पर्यंत का उडवावं लागलं? कारण जागेवर यायला दुसरं तयारच नव्हतं. आणि याच्या मुळाशी एकच दुखणं आहे : इंजिन.

कुर्ट टांक या जर्मन डिझायनरने बेंगळुरूत बनवलेलं ‘मारुत’ १९६१मध्ये उडालं. दिसायला देखणं, बांधणी उत्तम. पण त्याला साजेसं ताकदवान इंजिन कधी मिळालंच नाही. ब्रिटिश कंपनी ऑर्फियस इंजिन सुधारून द्यायला तयार होती, त्याचा खर्च आपण उचलला नाही. मग आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं विमान आवाजाच्या वेगाशीच अडखळलं. पुढे तेजस. प्रकल्प १९८३चा, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ला, स्क्वाड्रनमध्ये २०१६ला. त्याच्यासाठी घरचं ‘कावेरी’ इंजिन करायचं ठरलं, ते जमलं नाही, म्हणून अमेरिकन जीई-४०४ बसवलं. आता नव्या मार्क-१एसाठी २०२१मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, त्यातलं पहिलं हातात पडलं मार्च २०२५मध्ये.

जेट इंजिन जमणं म्हणजे खायचं काम नाही, हेही मान्य. टर्बाइनच्या पात्यांवरून जाणारा वायू त्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला असतो. तरी पातं टिकतं, कारण ते एकाच स्फटिकातून ओतलेलं असतं आणि त्याच्या पोटातल्या बारीक नळ्यांतून थंड हवा खेळवलेली असते. जगात हे मोजक्याच देशांना जमतं आणि जमलेलं कुणी शिकवत नाही. पैसे मोजले की इंजिन मिळतं, पात्याची रेसिपी नाही. म्हणून माझं मत साफ आहे : नवं विमान कुठून घ्यायचं यावर टीव्हीवर रात्रभर भांडण्यापेक्षा इंजिनावर वीस वर्षं सलग, न कंटाळता, मधले फसलेले प्रयोग धरून पैसा ओता. ‘कावेरी’ फसलं म्हणून टिंगल करणाऱ्यांनी मारुतच्या वेळी वाचवलेल्या पैशांचाही हिशेब मांडावा. (आणि मेटलर्जीची सीट मिळाली की तोंड पाडून सीएसच्या राउंडची वाट बघणारे आपण, आपल्यालाही यातला थोडा वाटा घ्यावा लागेल. मीही त्यातलाच.)

नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ वर्षानुवर्षं बनत होती. चंडीगडच्या निरोपाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा १७ ऑक्टोबरला त्याच ओझरमधून तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. नाशिककरांनी माना वर करून बघितलं, आम्ही व्हिडिओ फॉरवर्ड केला. त्यातला तो कान फाडणारा आवाज मात्र जीईच्या इंजिनाचा होता.