तुटलं तर भरा, भिजलं तर वाळवा!

हॉस्टेलच्या खिडकीची काच फुटली की काय होतं, हे सगळ्यांना पाठ आहे. दोन दिवसांत नोटीस लागते आणि कोणी फोडली ते कळलं नाही तर अख्ख्या विंगच्या डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. ठीक आहे, वस्तू विद्यापीठाची, भरपाई द्यायलाच हवी. पण मित्रांनो, हाच नियम उलट्या बाजूने का लागू होत नाही?

मागच्या पावसाळ्यात स्लॅब गळून माझ्या रूम पार्टनरची चार जर्नल्स आणि कॅल्क्युलेटर भिजून कामातून गेला. गळतीची तक्रार महिनाभर आधीच रजिस्टरमध्ये लिहिलेली होती. ऑफिसमधून उत्तर मिळालं, "पावसाळा आहे, अ‍ॅडजस्ट करा." वर बोर्ड दाखवला, 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली.' चोरीपुरतं मान्य! कपाटाला कुलूप आम्ही लावू. स्लॅबला कसं लावणार?

सगळे म्हणतात, सरकारी संस्थेकडून कोण पैसे काढणार? पण 1962 साली राजस्थानच्या विद्यावती खटल्यात सरकारी जीपच्या ड्रायव्हरने केलेल्या अपघाताची भरपाई सरकारने द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. 1965 च्या कस्तुरीलाल खटल्यात मात्र पोलिसांच्या ताब्यातून गेलेल्या सोन्याची भरपाई नाकारली, कारण अटक आणि जप्ती हा राज्याचा सार्वभौम अधिकार. आता हॉस्टेलचा स्लॅब दुरुस्त करणं यात कसला आलाय सार्वभौम अधिकार?

अर्थात हजार-बाराशेसाठी कोर्टात जा, असं मी म्हणत नाही. वकिलाची फीच जास्त होईल. ग्राहक आयोगाचा रस्ताही अवघड आहे. शिक्षणसंस्था 'सेवा' देत नाहीत, असे निकाल आहेत. पण अर्ज तर करता येतो ना? तारीख, फोटो, वस्तूचं बिल आणि आधीच्या तक्रारीची नोंद जोडायची, रक्कम स्पष्ट लिहायची आणि आपल्या कॉपीवर आवक शिक्का घ्यायचा. तोंडी तक्रार हवेत जाते, शिक्क्याची फाइलमध्ये राहते. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर लोकपालांकडे अपील करता येतं. गळतीच्या तक्रारीवर काय कारवाई झाली, हे माहिती अधिकारात 10 रुपयांत विचारता येतं आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

"पण इंटर्नल मार्क त्यांच्या हातात आहेत!" ही भीती खरी आहे. म्हणूनच एकट्याने नको, विंगने मिळून सह्या करा. आणि रेक्टर सरांच्या बाजूनेही बघायला हवं. त्यांना पटलं तरी पैसे कुठल्या हेडमधून देणार? माझी सूचना साधी आहे. आमच्याकडून दंड म्हणून जमा होणाऱ्या पैशांतला थोडा भाग अशा भरपाईसाठी बाजूला ठेवा आणि त्यासाठी एक पानाचा फॉर्म ऑफिसमध्ये ठेवा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा रकमेसाठी एवढा खटाटोप? पण घरून येणाऱ्या मनीऑर्डरवर महिना काढणाऱ्याला विचारा, हजार रुपये म्हणजे किती दिवसांची मेस! आणि पैसे द्यावे लागले की स्लॅबही लवकर दुरुस्त होतो, नाही का?