घरघर थांबली, आणि आम्ही दिवा मालवला

भाऊबीजेची रात्र. दारं-खिडक्या लावूनही फटाक्यांचा धूर घरात शिरलेला. सात वर्षांचा माझा भाचा ओवाळून झाल्यावर पाटावरून उठला तो खोकतच. बालदमा त्याला चौथ्या वर्षापासून. त्यामुळे कुणी फारसं दचकलं नाही. आईने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली, ताईने दोनदा पंप दिला. अकराच्या सुमारास छातीतली घरघर थांबली. ‘‘लागला बाई डोळा एकदाचा,’’ आई म्हणाली आणि आम्ही दिवा मालवला.

भाऊजी पाणी प्यायला उठले म्हणून निभावलं. मुलगा झोपलेला नव्हता, ग्लानीत होता. ओठ निळसर. गळ्याच्या खळगीत आणि बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडत होता. रुग्णालयात प्राणवायू लावता लावता डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘‘आवाज थांबला, तेव्हाच यायचं होतं.’’

अरुंद झालेल्या श्वासनळ्यांतून हवा जाते म्हणून शिट्टीसारखा आवाज येतो. नळ्या इतक्या आवळल्या की हवाच जाईना, तर आवाज कुठून येणार? धाप कायम असून छाती मुकी झाली, तर ती सगळ्यांत वाईट खूण. हे आम्हा चार शिकलेल्या माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा कानावर विसंबू नये. दिवा लावावा, सदरा वर करावा आणि पाहावं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का? नाकपुड्या फुलतात का? मुलाला काहीतरी विचारावं. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, किंवा तान्हं मूल दूध ओढताना थांबत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. पंपाचा गुण साधारण चार तास टिकायला हवा. त्याआधीच पुन्हा धाप लागली तर त्याच रात्री निघावं. ओठ-जीभ निळसर किंवा मूल सुस्त झालं असेल, तर १०८ ला फोन करावा आणि मदत मिळेपर्यंत पंप स्पेसरमधून देत राहावा.

पण आपण थांबतो. ‘एवढ्या रात्री डॉक्टरांना कुठे उठवायचं’ हा संकोच असतो. मुलीचा दमा तर पुढे लग्नात अडचण नको म्हणून शेजाऱ्यांपासूनही लपवला जातो. मला हा निव्वळ निर्दयपणा वाटतो. आणि ‘पंपाची सवय लागते’ ही भीती तर घरोघरी. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या सिरपात चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटरला, २ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा हिस्सा, आणि तोही थेट श्वासनळीत. सिरप मात्र आपण बिनधास्त पाजतो! उलट हा पंप आठवड्यात दोनदांहून अधिक लागू लागला, किंवा मूल रात्री खोकत उठू लागलं, तर रोजचं प्रतिबंधक औषध हवं का, हे डॉक्टरांना धाप नसतानाच विचारायला हवं. आम्ही ते विचारलं नव्हतं. नवरात्रापासून तो रोज रात्री खोकत होता.

ताईच्या फ्रिजवर आता डॉक्टरांच्या हातचा कागद चिकटवलेला आहे: कोणता पंप, किती वेळा, केव्हा निघायचं. त्याखाली आईने आपल्या थरथरत्या अक्षरात कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याचा नंबर लिहून ठेवलाय.