गोधडीवरची उसनी देवता

गेल्या हिवाळ्यात राजधानीतील एका महाराष्ट्रीय मंडळाने कलात्मक गोधड्यांचे प्रदर्शन भरविले होते. मंडळाचे नाव आम्ही सांगत नाही. जे तेथे झाले ते आपल्यापैकी कोणाच्याही मंडळात होऊ शकले असते, आणि कोणाच्या कपाळाला आठीही पडली नसती.

प्रथम जे आवडले ते सांगतो. एका गृहिणीने आईच्या जुन्या लुगड्यांतून ओखल्याची पाणथळ उभी केली होती. यमुनेच्या बंधाऱ्याआड पसरलेले पाणी, पाणकणसांत उभे असलेले चित्रबलाक, आणि एका कोपऱ्यात धनौरीकडचे सारसांचे जोडपे. बलाकाच्या पंखावरील गुलाबी छटा तिने विटलेल्या इरकली काठातून साधली होती. पाण्याच्या लाटा म्हणजे निव्वळ धावदोरा. कित्येक रविवार काठावर बसल्यावाचून असा टाका पडत नाही. गोधडी म्हणजे घरच्या जीर्ण वस्त्राला घरच्या हाताने दिलेला दुसरा जन्म. तिच्यातला डोळाही घरचाच असावा लागतो.

शेजारच्या सहा गोधड्यांनी मात्र आमचा पुरता विरस केला. कोऱ्या कापडावर यंत्राने छापलेली वारली चित्रे आणि त्यांवर शोभेपुरते टाके. त्यांपैकी दोहोंवर मधोमध पालघट देवी! वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. त्या चौकात पालघट असते, धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. ती देवी आपण सतरंजीसारखी जमिनीवर अंथरली, आणि पाहुण्यांची मुले तिच्यावर बसून बटाटेवडे खात होती. चिठ्ठीवर मजकूर एवढाच : ‘पारंपरिक आदिवासी कला’. कोणत्या पाड्याची, कोणाच्या हातची, कोणास विचारून, याचा उल्लेख नाही. मंजुरीवाचून टाचण्यांची डबीही न मागविणारे आपण लोक!

“कला सर्वांची असते,” असे कार्यवाहांनी आम्हांस सुनावले. मग जिव्या सोमा मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली, ती काय सर्वांच्या नावे? दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी विचारले, सारसाची तरी परवानगी घेतली होती काय? सारसाला लग्नाचा चौक नसतो, एवढेच उत्तर आम्ही दिले.

हा कज्जा नवा नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकारांनी तो न्यायालयात नेला होता. बांडुक मरिका यांचे घोरपडीचे आणि पवित्र पाणवठ्याचे चित्र, इतरांच्या चित्रांसह, व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून ऑस्ट्रेलियात विकले जात होते. जो पाणवठा चितारण्याचा अधिकार कुळाच्या परंपरेने मिळतो, तो गिऱ्हाइकांच्या जोड्यांखाली आला. १९९४ साली तेथील संघीय न्यायालयाने चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला, आणि भरपाई ठरविताना त्यांना आपल्या समाजात सोसाव्या लागलेल्या मनस्तापाचाही विचार केला. तेथे गालिचे होते, येथे गोधड्या. फरक आम्हांस तरी दिसत नाही.

इतक्या दूर तरी कशाला जावे? पुपुल जयकर यांनी १९६६ च्या दुष्काळात ज्यांना मिथिलेत धाडले, ते भास्कर कुलकर्णी मराठीच, आणि तेही सरकारी कामावरच घराबाहेर पडलेले. त्यांनी तेथील स्त्रियांच्या हाती कागद दिला, चित्रे करवून घेतली. पुढे ते वारली पाड्यांवरही गेले. भिंतीवरचा छाप उचलून परस्पर बाजारात नेणे त्यांनाही सोपे गेले असते.

समितीस आम्ही रीतसर पत्र दिले आहे. पालघटाच्या दोन्ही गोधड्या विक्रीतून काढाव्यात. पुढील वर्षी वारली चित्रे हवीच असतील, तर डहाणू-तलासरीकडील चित्रकारांस प्रवासखर्च व मानधन देऊन बोलवावे. वस्त्रावर काय लिहावे आणि काय भिंतीवरच राहू द्यावे, हे त्यांनीच ठरवावे. खर्चाचा अंदाजही आम्ही सोबत जोडला आहे. वार्षिक भोजनाहून तो कमीच भरतो.

पत्राची पोच अद्याप आलेली नाही.