मोडलेल्या ओळी

परवाचीच गोष्ट. आमच्या वार्षिकांकासाठी मुलांनी संकेतस्थळावरच्या अर्जात मजकूर लिहायचा आणि तो ईमेलनं आपोआप माझ्याकडे यायचा, अशी सोय आहे. एका मुलीचा मजकूर आला. सलग, कुठं श्वास न घेता धावणारा. ‘गद्य विस्कळीत’ असा शेरा मारून मी तो परत केला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊनच आली. ‘‘सर, ही कविता होती.’’ वहीत चौदा ओळी होत्या, आणि चांगल्या होत्या. मी ओशाळलो.

संगणकाच्या प्राध्यापकांना गाठलं. ते हसले. ‘‘ओळी हरवल्या नाहीत हो! जुन्या टेलिप्रिंटरला ओळ संपली की दोन आज्ञा लागत: आरंभी परत ये, आणि कागद एक ओळ वर सरकव. आस्की संकेतातल्या १३ आणि १० क्रमांकांच्या त्या खुणा अर्जातून आजही येतात. पण ईमेल एचटीएमएलमध्ये मांडलं, की ती भाषा त्यांना नुसती मोकळी जागा समजते. ओळ मोडायला ‘बीआर’ ही निराळी खूण घालावी लागते. ती राहिली, एवढंच.’’

त्यांनी संध्याकाळपर्यंत दुरुस्ती केली. माझी सोपी नव्हती. ओळ कुठं थांबते यालाही अर्थ असतो, हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. यंत्राला ते ठाऊक नव्हतं, मला होतं. तरी वाचताना मी कुठं थांबलो?

कविता अंकात घेतली आहे. शेरा मी स्वतःच्या हातानं खोडला.