दूरदर्शन : दुकान आमच्या भागात, माल दिल्लीचा

आम्हा कापडवाल्यांना एक गोष्ट लवकर कळते. दुकान कुठे आहे यापेक्षा त्यात माल कुणाचा भरला आहे, यावर बरकत ठरते. दूरदर्शनचा हिशेब मांडताना मला हेच आठवते.

दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला आले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागले. मराठवाड्याला मात्र बरीच वाट पाहावी लागली. 1982 साली रंगीत चित्र आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्यानंतर, 1984 च्या सुमारास, देशात दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपक उभे राहत होते. त्याच लाटेत परभणीच्या आसपासच्या गावांत अँटेना दिसू लागले. आमच्या पोखर्णीत चित्र स्वच्छ येण्यासाठी बांबू उंच लावावा लागे, आणि वारा सुटला की कुणीतरी माळवदावर चढून तो फिरवत असे.

हे छोटे प्रक्षेपक होते दिल्लीचे. मुंबईचे मराठी कार्यक्रम त्यावर नव्हते. परभणीच्या आकाशवाणीवर मराठीत बाजारभाव ऐकणाऱ्या शेतकऱ्याला टीव्हीवर हिंदी बातम्या आणि ‘हम लोग’ मिळाले. मी उर्दू शाळेत शिकलेला, मला हिंदी मालिका समजायला काहीच अडचण नव्हती. ‘महाभारत’चे संवाद डॉ. राही मासूम रझांनी लिहिले होते, त्यातली भाषा तर कानाला गोड लागे. पण शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना अर्थ सांगायला मलाच बसवत.

आता धंद्याचे बोलू. दूरदर्शनवर जाहिराती 1 जानेवारी 1976 पासून सुरू झाल्या. आमच्या गल्ल्यावर त्यांचा परिणाम दिसला तो टीव्ही गावात आल्यावर. तोपर्यंत वालिदसाहेबांच्या दुकानात गिऱ्हाईक हाताने कापड चोळून बघे, पोत विचारी आणि मग भाव करी. थान भिवंडीचे की मालेगावचे, याची फिकीर फक्त आम्हाला. मग एक दिवस लग्नाच्या बस्त्याला आलेला नवरदेव थान उलटून किनारीवरचे छापील नाव वाचू लागला. त्याला ‘विमल’च हवे होते. वालिदसाहेबांनी तितकाच टिकाऊ माल कमी भावात दाखवला, पण तो म्हणाला, “चाचा, हे टीव्हीत दिसत नाही.” बस्ता परभणीला गेला.

मोठ्या गिरणीने जाहिरात करू नये, असे मी म्हणत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो करणारच. माझी तक्रार सरकारी यंत्रणेबद्दल आहे. यंत्रमागावर विणणाऱ्या कारागिराच्या मालाला नाव नव्हते आणि दिल्लीच्या दराने जाहिरात देण्याची ऐपतही नव्हती. परभणीचा प्रक्षेपक परभणीपुरताच पोचत होता. त्यावर रोज अर्धा तास इथलाच कार्यक्रम दिला असता, तर मोंढ्यातला अडत्या, बियाणेवाला आणि माझ्यासारखा कापडवालाही दोन ओळींची जाहिरात देऊ शकला असता. पण त्या यंत्राला काम एकच दिले होते : वरून येईल ते खाली सोडणे. पुढे मुंबईच्या मराठी कार्यक्रमांना काही तास मिळाले. 1994 मध्ये मराठी उपग्रह वाहिनी आली, 2000 मध्ये तिचे नाव ‘सह्याद्री’ झाले. तरी परभणीचे असे त्यात काय होते?

1992 नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि दूरदर्शनची मक्तेदारी मोडली. 1997 मध्ये प्रसार भारती झाली, म्हणजे कागदावर स्वायत्तता मिळाली. स्थानिक प्रक्षेपकांचा विचार तेव्हा तरी व्हायला हवा होता. झाला नाही. जुने प्रक्षेपक बंद करण्याचे काम प्रसार भारतीने हाती घेतले आणि मार्च 2022 पर्यंत मोक्याच्या जागांचे सुमारे 50 वगळता बाकी सगळे बंद करण्याचे ठरवले. तंत्र जुने झाले होते हे मान्य. पण ज्या दुकानात इथला माल एकदाही मांडला नाही, ते चालत नव्हते असे कसे म्हणायचे?

आता खेड्यातल्या गिऱ्हाइकाकडे फ्री डिश आहे. 2004 मध्ये सुरू झालेली ही सेवा महिन्याचे पैसे घेत नाही, म्हणून मजुराच्या घरातही दिसते. तिच्यावरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने विकल्या जातात. प्रसार भारतीला त्यातून उत्पन्न मिळते, मिळू द्या. पण लिलावात उतरायला कोटींची भाषा लागते, आणि उपग्रहावरून एकट्या परभणीपुरती जाहिरात दाखवता येत नाही. म्हणून माझे मागणे लहान आहे. ‘सह्याद्री’वर संध्याकाळचा अर्धा तास मराठवाड्याचा ठेवा : इथले बाजारभाव, इथले कारागीर, आणि छोट्या व्यापाऱ्यांसाठी वेगळा दर. पोखर्णी-परभणीचे आम्ही दहा दुकानदार वर्गणी काढून पहिल्या महिन्याची जाहिरात द्यायला तयार आहोत. दरपत्रक तेवढे मराठीत छापून पाठवा.